गॅरेजमधली खंडेनवमी

१० ऑगस्ट, रविवार. अ‍ॅशबर्न, अमेरिका

इथले मित्र डॉ. काळे, त्यांच्याबरोबर बंदुकीच्या दुकानात गेलो. त्यांना त्यांच्या पिस्तुलाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, मला घरात बसून कंटाळा. आपण कोथिंबीर आणायला जावं तसे लोक आत-बाहेर करत होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काही दाखवू का. मी मान हलवून नको म्हणालो. डॉ. म्हणाले, "दाखव गं यांना ते स्टीलचं. सगळं आयुष्य लोखंडात गेलंय ह्या माणसाचं." मराठीतच म्हणाले, मग इंग्रजीत.

हातात आलं आणि

चार वर्षं झाली लोखंड तासायचं लेथ विकून. एवढं थंड, एवढं जड काही हाताला लागलंच नव्हतं तेव्हापासून. इथं सगळं हलकं. दार हलकं, बादली हलकी, भिंतीवर टकटक केलं तर खोकं वाजल्यासारखं वाजतं.

वरची सरकती स्लाइड मागं ओढली. कुठं खरखर नाही, डावी-उजवीकडं हलणं नाही. कुणीतरी जीव लावून बसवलंय.

परत दिलं. घरी आल्यावर बोटांना तेलाचा वास होता. हात धुवायचं जिवावर आलं.

१३ ऑगस्ट

दिवसभर तेच डोक्यात. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपची शेड उघडली की पहिला वास यायचा तो हाच, तेल आणि तासलेलं लोखंड. आमची ही गेली, मग लेक रश्मी म्हणाली बाबा आता एकटे नका राहू. लेथ, ड्रिल, शेड, सगळं एका फटक्यात विकलं. मायक्रोमीटर बबनला दिला, त्यानं माझ्या हाताखाली केस पांढरे केले. एक कानससुद्धा आणली नाही बरोबर. विमानात वजन चालत नाही म्हणाले. काय करायचंय म्हटलं तिकडं.

गेल्या खंडेनवमीला पूजेला काय मांडलं? स्क्रूड्रायव्हर आणि रश्मीचा लॅपटॉप. लॅपटॉपवर फूल ठेवताना ती ओरडली, "बाबा, पाकळी आत जाईल!"

१७ ऑगस्ट, रवि.

डॉक्टरांना म्हटलं, मलाही एक घ्यावंसं वाटतंय, तर त्यांनी रेंजवर नेलं, गोळ्या झाडतात तिथं. कानावर टोपणं घालूनही आवाज छातीत बसतो. त्यांचं पिस्तूल प्लॅस्टिकच्या अंगाचं. दोनच गोळ्या झाडल्या आणि खाली ठेवलं.

"आवडलं नाही?"
"नाही."
"मग घ्यायचंय कायले, बाप्पा? कोणाला मारायचं नाही, निशाणा लावायचा नाही. घेऊन करणार काय?"
"पुसणार."
डॉक्टर हसून हसून बाकावर बसले. पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत, पण हसतात अजून नागपूरचेच.

१९ ऑ.

निखिलरावांना कुणकुण लागली. जावई भला. म्हणाले, टेबलावरचं छोटं लेथ मिळतं, गॅरेजमध्ये ठेवू. त्यांनी फोनवर दाखवलं. बघितलं. अगदी खेळणं. खऱ्या लेथवर आम्ही नवा पोरगा बसवून चहा पाजायचो, हे तर चहाच्या कपानं हलेल. नाही म्हणालो. नंतर वाईट वाटलं, एवढ्या मायेनं शोधलं होतं त्यांनी.

२४ ऑगस्ट, रवि.

पुन्हा दुकान. तीन काढून बघितली.

एक नवं, चकचकीत. रंगाचा थर एवढा जाड की खाली पोलाद आहे का पितळ कळू नये. एकाची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, मुलगी सांगत होती हेच घ्या, लाइट आहे, तुमच्या वयाला बरं. म्हटलं, बाई, हलकं नकोय म्हणून तर आलोय.

तिसरं जुनं. चेक बनावटीचं. कडेकडेनं काळं पॉलिश उडून पांढरं पोलाद दिसायला लागलंय. मुलीनं रिकामं असल्याची खात्री करून स्लाइड काढून दाखवली. बाकीच्यांची स्लाइड फ्रेमला बाहेरून धरून धावते, याची फ्रेमच्या आत बसते. आणि आत कुणी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नाही. कटर फिरल्याच्या रेघा जशाच्या तशा. शेजारच्या शेडमध्ये चेक मिलिंग मशीन होतं, त्याच्यावर कापलेल्या जॉबच्या लोखंडावर अशाच रेघा यायच्या. बोट फिरवलं. कुठल्या गावचा कोण कारागीर, त्या दिवशी त्याला घरी जायची घाई होती की नव्हती...

मुलगी म्हणाली, "यू ओके, सर?"

३० ऑगस्ट

रश्मीला सांगितलं. भाजी चिरत होती, सुरी ठेवली.

"बाबा, घरात तुमची सात वर्षांची नात आहे, ईशा."
"गोळ्या आणणार नाही. एकही नाही."
"तुम्ही बातम्या बघत नाही का? इथं शाळेत गोळीबार होतात, मुलं आत जाईपर्यंत आम्ही गाडी हलवत नाही. आणि माझ्याच घरात पिस्तूल?"

माझ्याच घरात. बोलून गेल्यावर तिलाही लागलं असावं, मला आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली. विषय राहिला.

२ सप्टेंबर

सकाळी फिरायला निघालो तर रश्मी चपला घालून बरोबर. चौकात पोचल्यावर म्हणाली,

"आईला आठवून असं होतंय का?"
म्हटलं, तिची आठवण वेगळी. ती दुखते. ही हाताची भूक आहे गं. इथं सकाळी उठतो, हात धुतो, मग त्या हातांचं करायचं काय? तू चांगली ठेवतेस मला, त्यात कमी नाही.
चौक ओलांडला. मग म्हणाली, पेटीला कुलूप, किल्ली तुमच्या गळ्यात. गोळी नाही. आणि ईशाला, तिच्या मैत्रिणींना ते कधी म्हणजे कधीच दिसता कामा नये. "एवढं एकच मागते."
कबूल केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून केलं.

६ सप्टें., शनि.

घेतलं. म्हणजे पैसे दिले, हातात नाही. सरकारी चौकशी अडकली, थांबा म्हणाले. डॉक्टरांचा विनोद: "ग्रीन कार्डवाल्याला मत देता येत नाही, पिस्तूल देतात." मुलगी दोनदा म्हणाली, गोळ्या नकोत? एक डबासुद्धा? तिला माझी काळजी वाटली असावी.

घरी आलो. वरातीत नवरीच राहिली मागं, तसं.

११ सप्टें.

आलं घरी. पेटी कपाटात, किल्ली जानव्याला. ईशा शाळेत होती.

२१ सप्टेंबर

रोज दुपारी, ईशा यायच्या आधी, दार लावून. उघडायचं, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायचं, एक थेंब तेल, परत बसवायचं. बसताना शेवटी एक बारीक आवाज होतो. तो ऐकला की शेडमधले सगळे आवाज मागोमाग येतात. पट्ट्याची फडफड, बबनच्या शिट्या, चहावाल्याच्या ग्लासांची टोपली. मग डोळे उघडले की कार्पेट.

पण झोप बरी लागते हल्ली. रश्मी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताना गुणगुणताय."

३० सप्टें.

इंडियन ग्रोसरीत झेंडू मिळाला. मूठभर, मरगळलेला, तरी घेतला. पेढे पण. उद्या खंडेनवमी. उद्यमनगरात आज मशीनं डिझेलनं धुतली असतील. उद्या कुणी हत्याराला हात लावणार नाही.

१ ऑक्टोबर, बुध.

काय करून बसलो.

खोलीत पूजा मांडली होती. दार लावलेलं. उदबत्ती लावली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. वर त्यातली बाई ओरडते, "फायर! फायर!" टॉवेल हलवला, थांबेना. मग पाट उचलला, सगळं गॅरेजमध्ये नेलं. मनात म्हटलं, शेडसारखंच की हे. धूर कोंडला म्हणून शटर वर केलं. तेव्हा सुचलं नाही काही. शेडचं शटर पूजेला उघडंच असायचं, येणाराजाणारा पाया पडून पेढा घेऊन जायचा.

पाटावर मधोमध पिस्तूल, स्लाइड मागं अडकवून, रिकामं. बाजूला स्क्रूड्रायव्हर, कात्री, विळी. हळदकुंकू, झेंडू. हात जोडले. कित्येक दिवसांनी असे जोडले गेले असतील.

डोळे उघडले तर समोर रस्त्याला लागून गाडी. एमाची आई. ईशाच्या वर्गातली एमा आज खेळायला येणार होती, पाचला. त्या चारलाच आल्या. का माझंच वेळेचं भान गेलं.

ती पोर धावत येत होती, "हाय आबा!" ईशाचं ऐकून आबाच म्हणते. आईनं मागून तिचा दंड धरला. बाईची नजर पाटावर. मी घाईनं टॉवेल टाकला त्याच्यावर. त्यानं तर अजूनच वाईट दिसलं असेल. काय करावं कळेना, पुढं होऊन पेढा दिला. म्हटलं, टुडे पूजा. फॉर टूल्स. नो बुलेट.

बाईनं पेढा घेतला. "थँक यू," म्हणाली. एमाला गाडीत बसवलं, पट्टा लावला, गेल्या.

ईशा मागं, घरात जायच्या जिन्यात उभी होती. "व्हेअर डिड एमा गो?"

२ ऑक्टो., दसरा

रश्मी रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "एकच मागितलं होतं, बाबा."

मी सॉरी म्हणालो. लेकीला आयुष्यात पहिल्यांदा.

८ ऑक्टो.

इथं पद्धत आहे म्हणे. मुलाला कुणाच्या घरी पाठवायच्या आधी आया विचारतात, घरात बंदूक आहे का, कुठं असते. रश्मीही विचारते. मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडं विचारतात, जेवून येणार का.

एमा येत नाही. तिचं बघून आणखी एक मुलगी येईनाशी झाली. एमाची आई वाईट बोलली नाही कुठं. ईशाला आमच्याकडं पाठवा म्हणते. या घरी मात्र कुणी येत नाही.

१० ऑक्टो.

ईशा माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली, पाय हलवत.

"आबा, इज इट बिकॉज ऑफ युवर पूजा?"
मी उशी सरळ करत बसलो.
"देन नो मोअर पूजा, ओके? प्लीज?"

पोरीला वाटतंय फुलांनी आणि कुंकवानं झालं. तिला सांगू तरी कसं की पूजेचा दोष नाही. सांगायचं तर दुसरं नाव घ्यावं लागतं. डोक्यावरून हात फिरवला. केस तिच्या आजीसारखेच दाट आहेत.

आज पेटी उघडली नाही.

१२ ऑक्टो., रवि.

डॉक्टरांकडं. त्यांनी उपाय काढला: "माझ्याकडं पोलादी तिजोरी आहे, पोरं गेली आपापल्या घरी, भुतंच राहतात इथं. मला देऊन टाका. कायद्यानं माझ्या नावावर करू दुकानात जाऊन. रविवारी या, पुसा, चहा घ्या, जा."
"म्हणजे लेक दिल्या घरी भेटायला जावं तसं."
"तसंच. पण सासू चांगली आहे." स्वतःच्या छातीवर हात मारून म्हणाले.

हसलो. परत येताना गाडीत हसू आलं नाही. दुसऱ्याच्या नावावरचं पोलाद मी आयुष्यभर तासलं. गिऱ्हाइकाचा जॉब, गिऱ्हाइकाचा माल. हे एक माझं होतं. रोज दुपारचं. आठवड्यानं परक्या घरात, कुणी चहा घेऊन समोर बसलेलं असताना, तो आवाज तसा येईल का?

डॉक्टरांना सांगितलं, विचार करतो.

१६ ऑक्टो.

उघडली. पुसलं. कुंकवाचा एक कण फ्रेमच्या खाचेत राहिलाय, काढला नाही.

खाली ईशा एकटी खेळत होती, दोन्ही आवाज स्वतःच काढत. एक ईशाचा, एक एमाचा.

१९ ऑक्टो., रवि.

ईशाला पुढच्या शनिवारी आठ पूर्ण. वाढदिवस घरीच पाहिजे म्हणते. निखिलराव म्हणाले, बाहेर कुठं हॉल घेऊ. "नो. माय हाउस." हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. रश्मीनं सगळ्या आयांना मेसेज केला.

२० ऑक्टो., सोम.

संध्याकाळी दिवाळीच्या पणत्या लावून रश्मी माझ्या खोलीत आली. फोन माझ्या हातात दिला. एमाच्या आईचं उत्तर आलं होतं. हळूहळू वाचलं. एमाला यायचंय, खूप आठवण काढते. तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पेढा छान होता. फक्त एक विचारते, ती वस्तू घरात असेल का?

रश्मीला म्हटलं, तू लिही.
"मी नाही, बाबा. मी काही लिहिलं तर ते माझं होईल. तुम्हीच लिहा. जे लिहाल ते."

आवाजात राग नव्हता. स्वयंपाकघरात गेली, नळ सुरू केला.

इंग्रजी मी पाट्या वाचून शिकलो, मशीनच्या डब्यावरच्या. येस लिहिता येतं, नो पण लिहिता येतं. दोन्ही छोटे शब्द.

किल्ली छातीला लागतेय, शरीराच्या उबेनं गरम झालेली. फोनचा उजेड मंद होत जातो. मी बोट लावतो, परत लागतो. खाली ईशानं जिन्यातून विचारलं, "आबा, डिड शी से येस?"

म्हटलं, थांब बाळा, अजून त्यांना माझंच उत्तर जायचंय.