सापाला आग्रह

नॉटिंगहॅम, गुरुवार संध्याकाळ

पंगतीत आईच्या बांगड्या वाजल्या की समजावं, नको नको म्हणताना पानात आणखी एक जिलबी पडणार. आज दिवसभर तोच आवाज कानात.

नात ईशा बर्मिंगहॅमला शिकायला गेली आणि तिने पाळलेल्या सापिणीने अन्न सोडलं. पाच आठवडे झाले. मी फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट करून चिमट्यात धरून बसतो, शाळेतली कविता चालीवर म्हणतो, 'एवढा तरी घे गं' म्हणतो. हातात चिमटा, कानात बांगड्या. ती तोंड फिरवते.

काल फोनवर ईशा ओरडलीच, "आबा, फोर्स नका करू! उंदीर ठेवा आणि रूममधून जा. नाही खाल्लं तर शनिवारी मी येते."

आज तसंच केलं. अर्ध्या तासाने पाहिलं, तर उंदराच्या शेपटीचं टोक तेवढं बाहेर! फोन उचलला... आणि ठेवला. सांगितलं तर ती कशाला येईल? शनिवारपर्यंत गप्प बसणं म्हणजे खोटं का? खोटंच. पण घरात कुणी 'आबा' म्हणून हाक मारून किती दिवस झाले!

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात ईशा, हातात बॅग.

"सॉरी आबा, शनिवारपर्यंत वेट नाही झालं. तिने खाल्लं?"

मी आधी बॅग आत घेतली.