हिरासिंग तांड्यानं हिरासिंगाशिवाय दिलेलं मत

डोंगरसिंग नाईक तांडा, तालुका केळापूर
होळीच्या आधीचा सोमवार, सन १९६२

व्याहीबुवा हिरासिंगजी नाईक यांस त्यांचा व्याही डोंगरसिंग नाईक याचा दोन्ही हात जोडून राम राम. विहीणबाईंस वेगळा राम राम (तुमच्यात मिळवून देला तर तुम्ही पोचवत नाही, हा मागचा अनुभव हाये). इकडं आम्ही सारे खुशाल हावो. तुमचा गुडघा काय म्हणते? निरगुडीचा पाला बांधला का नाही? तो गुडघा दर साली अधिवेशनाच्याच टायमाले काहून सुजते, याचा इचार मी येता-जाता करून राह्यलो. गुडघा बरा झाल्यावर भांडू असं ठरवलतं, पण माह्यानं दम निघत नाही, म्हणून आताच भांडतो.

तुम्ही तिकडं खाटेवर पडून होते, आणि तुमच्या तांड्यानं इकडं पांढरकवड्याच्या भर मांडवात माह्या विरोधात मत देलं! हो, हो, तुमच्याच तांड्यानं. हिरासिंग नाईक तांडा. भोंग्यातून सगळ्यायनं ऐकलं. तुम्ही म्हणसान, डोंगरसिंगानं सकाळीच मोहाची घेतली वाटते. नाही घेतली. सारं सांगतो, पाय उशीवर ठेवा अन् वाचा.

अखिल भारतीय तांडा बंधुमंडळाचं अधिवेशन औंदा आपल्याकडं झालं. (अखिल भारतीय म्हणजे आदिलाबादचे पुष्कळ, खानदेशचे थोडे, अन् राजस्थानचा एक म्हातारा. तो बिचारा नात्यातल्या लग्नाले आलता, त्याले धरून पहिल्या रांगेत बसवलं.) मंडळानं पांढरकवड्याले वसतिगृह बांधलं हे तुमाले ठाऊकच हाये, त्याचा दगड तुमच्याच गाड्यायनं वाहला. त्याचा नियम असा की तिथं तांड्यातले मुलगे राहतीन अन् शाळा शिकतीन. कसा साधा, गरीब नियम हाये, कोणाच्या अध्यात ना मध्यात! पण काही लोकायले चांगलं चाललेलं पाहवत नाही. त्यायनं ठराव आणला की ‘मुलगे’च्या पुढं ‘आणि मुली’ असं लिहा.

मी ठरवलं, हा ठराव पाडाचा. कायले म्हणसान, तर कारणं पुष्कळ हायेत. पहिलं म्हणजे नियम तो नियम. आज वेसण सैल केली की उद्या बैल कापसात. दुसरं, तिथून हैदराबादच्या सडकेवर रात्रंदिवस ट्रका धावतात. तिसरं, वसतिगृहातली डाळ पातळ असते, हे मी स्वतः चाखून पाह्यलं. चवथं कारण लिहिण्यासारखं नाही. (लोक म्हणून राह्यले की डोंगरसिंगाची नात सोनी औंदा चवथी पास होते, तांड्याच्या शाळेत पुढं वर्ग नाही, ती गेली तर म्हाताऱ्याले करमणार नाही, म्हणून तो बोंबलून राह्यला. लोकायच्या तोंडाले कोण हात लावते! तुमचीबी नात हाये, तुमाले माहीतच हाये ती पोट्टी कशी हाये ते. रोज संध्याकाळी मले शिळा पेपर वाचून दाखवते, माह्या चिलमीत पाणी ओतते, अन् मधात बोललो तर ‘नाईक, चूप बसा’ म्हणते. अख्ख्या तांड्यात मले असं म्हणाची कोणाची छाती हाये काय? एवढ्याले कोणी माया म्हणते काय?)

त्यात मंडळानं औंदा नवंच फर्मान काढलं. दर तांड्यातून एक माणूस अन् एक बाई यावी, अन् दोघायनं आपापलं मत द्यावं. आमच्या घरच्या धुरपताबाईनं सांगतलं, म्हैस व्यायले झाली, मी काही येत नाही. मले मनातून आनंदच झाला, कारण लगन झाल्यापासून तिचं अन् माहं एकमत झाल्याचं मले तरी आठवत नाही. मी आपली सून संगं घेतली, म्हणजे तुमची लेक जमनी. इचार असा केला की सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही. घुंगट ओढून असते. बारा वर्षं झाले, तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला. जे बाई बोलतच नाही, ते ठरावाले ‘हो’ कशी म्हणन? असा माहा हिशेब. (हसू नोका. तुमची लेक तुमाले ओळखू आलती, मले कोणी सांगतलं नव्हतं.)

दमणी जुंपून निघालो. केळापूरपर्यंत बैल शहाण्यासारखे चालले. पांढरकवड्यात शिरलो, तर मागून एका ट्रकवाल्यानं असा काही भोंगा वाजवला की ढवळ्या उधळला, त्याच्या मागं पवळ्या, अन् आम्ही थेट स्वागताच्या कमानीतून, म्हणजे कमानीसकट, मांडवात. ‘सुस्वागतम्’चं कापड माह्या गळ्यात. स्वयंसेवकायले वाटलं हेच अध्यक्ष आले. वाजंत्री वाजली, हार पडला, एकानं पायावर पाणीबी ओतलं. मी काही बोललो नाही. मानपान आपणहून आला तर नाही म्हणू नये. खरे अध्यक्ष मागून पायी आले, तवा हार संपले होते.

अध्यक्ष म्हणजे बाबूसिंग वकील. माणूस आपलाच, पण लहानपणापासून हैदराबादेत वाढलेला, पाटलोण घालणारा. त्यानं मतदानाची रीत समजावली. उभं राहाचं, भोंग्यापाशी याचं, पहिले आपल्या तांड्याचं नाव सांगाचं, मग हो का नाही ते सांगाचं. नाव नाही तर मत नाही. पहिले माणसायचे मतं झाले. मी ‘डोंगरसिंग नाईक तांडा, नाही’ असं दोनदा सांगतलं. वकील म्हणे एकदा पुरे. म्हटलं, मागच्यायले ऐकू गेलं नसन. आम्ही नाहीवाले चांगले पुढं होतो. मी पान लावाले घेतलं.

मग बायायची पाळी आली. घाटंजीकडची मानीबाई पहिली उठली. भोंग्यापाशी आली, अन् चूप. वकील म्हणे, बाई, तांड्याचं नाव? बाई खाली पाहून राह्यली. वकील म्हणे, घाबरू नका, नाव सांगा. बाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राह्यली. आता तुमाले सांगाले नोको, पण त्या पाटलोणवाल्याले कोणीतरी सांगाले पायजे होतं की तांड्याले नाव असते नाईकाचं, अन् नाईक म्हणजे त्या बाईचा सासरा, नाही तर नवरा. बाई मेली तरी ते नाव घेईन काय? मानीबाई बसली, दुसरी उठली, तेबी चूप. तिसरीबी चूप. वकिलाले वाटलं, या बायायले आपल्या गावाचं नावबी येत नाही! त्यानं रुमाल काढून डोळे पुसले. तो म्हणे, भाईयों, देखो, शिक्षणाची किती गरज हाये. तरी नियमापरमानं सगळे मतं बाद. मी पान तोंडात घातलं. असं गोड पान मी जन्मात खाल्लं नाही.

पण व्याहीबुवा, बाईची अक्कल घुंगटात राहते म्हणून दिसत नाही. सुखीबाई नावाची एक बाई उठली, अन् तिनं खणखणीत आपल्या बापाच्या तांड्याचं नाव सांगतलं. बापाचं नाव घ्यायले कायची लाज? ‘हो’ म्हणून बसली. झालं! मेंढरामागं मेंढरू. बाद झालेल्याबी परत उठल्या अन् साऱ्या माहेरचा तांडा सांगू लागल्या. जे तांडे अधिवेशनाले आलेच नव्हते, ते धडाधड मतं देऊन राह्यले. तो आपला उत्तमसिंग नाईक, ‘नाही’ म्हणून मिशीवर ताव देऊन बसलता. पाहता पाहता त्याच्या तांड्याचे चार मतं ‘हो’ झाले, कारण त्याच्या चार पोरी चार तांड्यात देल्या हायेत. तो उभा राहून वरडे, हे माहे मतं नोहेत! पोरी पदराआड खुदुखुदु हसून राह्यल्या. अन् त्या गोंधळात तुमची लेक उठली. ‘हिरासिंग नाईक तांडा. हो.’ बारा वर्षांत तिचा आवाज मी समोरून ऐकला तो असा, अन् तोबी भोंग्यातून. तुमचं नाव तिनं इतकं मोकळं घेतलं की मले तुमचा हेवा वाटला. मग राग आला. हेवा पहिले आला, हे मात्र खरं हाये.

मी बाकावर चढलो. म्हटलं, वकीलसाहेब, हा काय पोरखेळ हाये? बाई नांदते एका तांड्यात अन् मत दुसऱ्या तांड्याचं? माहा व्याही गुडघा धरून घरी पडला हाये, त्याचा तांडा इथं कसा उभा राह्यला? वकिलाले ते पटलं. त्यानं डोकं खाजवलं अन् निकाल देला: बाई सासरच्या तांड्याचीच धरावी. तिच्यानं नाव घेववत नसन, तर तिच्या नाईकानं उभं राहून स्वतः आपलं नाव घ्यावं. आपलं नाव घ्यायले तर कोणाची बंदी नाही? नाईक नाव घेईन तिचं मत खरं, चूप राहीन तिचं बाद. व्याहीबुवा, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मी पहिले खुश झालो. म्हटलं, बसले सारेच नाईक चूप! पण उत्तमसिंगाच्या बाजूले त्याची घरवाली बसलती. तिनं नुसतं त्याच्याकडं पाह्यलं. त्याले घरी जाऊन जेवाचं होतं. तो उठला अन् आपलं नाव सांगून बसला. मग दुसरा उठला, तिसरा उठला. जो चूप बसे त्याच्याकडं अख्खा बायायचा घोळका वळून पाहे. असं करता करता हो अन् नाही बरोबरीत आले, अन् एकच मत उरलं, जमनीचं.

जमनी उभी राह्यली. यजमान तालुका म्हणून आम्हाले शेवटी ठेवलतं. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही, पाहाची रीतच नाही. एका हातानं मांडवाचा खांब धरून उभी होती. घुंगटामुळं तोंड दिसत नव्हतं, पण हातातल्या बांगड्या बारीक वाजून राह्यल्या होत्या. मी चूप बसलो की काम झालं, कारण बरोबरीत राह्यलेला ठराव पडते. ठराव पडला, पोट्टी घरी, संध्याकाळी पेपर, चिलमीत पाणी. मले एवढंच कराचं होतं की काहीच कराचं नव्हतं. अन् मले खरं सांगू का, त्या घडीले असं वाटलं की ही बारा वर्षं माह्या घरात राबली, आजवर तिनं मले काही मागतलं नाही. आज मागून राह्यली, तर तेबी माहंच नाव मागून राह्यली. डोळ्यात काहीतरी गेलं. (मांडवात धूळ लय होती.)

मी उठलो अन् ‘डोंगरसिंग नाईक तांडा’ म्हणून असा वरडलो की भोंग्याची गरज पडली नाही. तिनं ‘हो’ म्हटलं. ठराव पास झाला. लोक हसून लोटपोट, कारण एकाच डोंगरसिंगानं सकाळी नाही म्हटलं अन् दुपारी हो म्हणवलं. राजस्थानच्या म्हाताऱ्यानं मले मिठी मारली, त्याले काय समजलं तो जाणे. मी सगळ्यायले सांगतलं, की समोर भोंगा असताना मले माहं नाव घ्याची संधी सोडवत नाही, दुसरं काही नाही. तुमालेबी कोणी विचारलं तर हेच सांगा.

येताना जमनी मागं बसलती. सासऱ्याशी बोलाचं नसते, तवा तिनं ढवळ्याशी सुरू केलं. म्हणे, ढवळ्या, तुह्या मालकाले सांग, पोट्टी दर सुट्टीले येईन. मी म्हटलं, ढवळ्या, तिले सांग, डाळ पातळ देली तर मी वसतिगृहाचा सैपाकी बदलीन. ती म्हणे, ढवळ्या, मालकाले सांग, उपकार झाले. मी ढवळ्याची शेपटी पिळली अन् दमणी हाकली. केळापूर ते तांडा, ढवळ्याचे कान हालून हालून दुखले असतीन. घरी आलो तर म्हैस व्यालती, पारडी झाली. धुरपताबाईनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाली, जलमात पहिल्यांदा अक्कल वापरली. मले ते आवडलं.

तर असा हा तुमच्या तांड्याचा पराक्रम. भांडण संपलं. पोरीले चांगलं घडवलं तुम्ही, हे तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आपला व्याही,
डोंगरसिंग नाईक

ता. क. — सोनी जूनमध्ये जाते. लोखंडी पेटी आली, तिच्यावर तिनं आपलं नाव स्वतः रंगवलं. आतापासून नाचून राह्यली. मले वाटलं थोडं तरी रडन. एक डाव विचारलं, मी मेलो तर पेपर कोण वाचन? तर म्हणे, मेल्यावर कायले पायजे पेपर.

दुसरा ता. क. — खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहून राह्यलो. वसतिगृहाचा एक नियम मले कालच समजला, की घरच्यायनं महिन्याच्या पहिल्या रविवारीच भेटाले यावं, एरवी फाटकाच्या आत पाय ठेवू नये. हा कोण्या गाढवानं केला? नियम काय दगडावरची रेघ हाये? माणसानं केला, माणसानं बदलावा. मी पुढच्या अधिवेशनात ठराव आणतो, ‘पहिल्या रविवारी’च्या जागी ‘पायजे तवा’ असं लिहा. त्याले दुसऱ्या एका नाईकाचा पाठिंबा लागते. तुमचं नाव मी कळवून टाकलं.

तिसरा ता. क. — पुढच्या साली गुडघा सुजू देऊ नोका. विहीणबाईंले नक्की आणा, कारण बायायशिवाय ठराव पास होत नाही, अन् तुम्हीबी या, कारण तुम्ही नाव घेतल्याशिवाय त्यायचं मत धरत नाहीत. साल लय दूर हाये, व्याहीबुवा. तवर दर बाजाराच्या दिवशी फाटकाबाहेर दमणी सोडून बसाचं ठरवलं हाये. बाहेर बसू नये असा नियम अजून तरी कोणी केला नाही.