मुदत वाढवा

ता. ९ ऑगस्ट

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा तसाच आहे. जिन्याचा कठडा हलतोय आणि ती रोज त्यावरच हात टेकते, म्हणून माझा जीव खालीवर होतो. तू वेळेवर जेवतोस ना? पत्र टाकतोय, कारण फोनवर मला धड बोलता येत नाही आणि तू मध्येच "हो बाबा, हो बाबा" करतोस.

परवा बँकेत गेलो होतो. रागावू नकोस. दुकानात शाळेतले एक मास्तर पॅन्ट शिवायला टाकायला आले होते, त्यांच्याजवळ घराच्या कर्जाचं बोललो. व्याजदर वाढला आणि बँकेने परस्पर मुदत लांबवली, शेवटचा हप्ता माझ्या शहात्तराव्या वर्षी होता तो ऐंशीव्यावर गेला, असं म्हणालो. मास्तर म्हणाले, "परस्पर कशी लांबवतील? दर बदलला की कळवावं लागतं. हप्ता वाढवायचा की मुदत, हे तुम्हाला विचारावं लागतं. हक्क आहे तुमचा. जाऊन भांडा."

मी भांडलो. सगळ्यांसमोर. काउंटरवरच्या बाईंना म्हणालो, चाळीस वर्षं शिवतोय, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय बोटभर कापड कापलं नाही, आणि तुम्ही न विचारता माझी चार वर्षं गहाण टाकलीत? त्यांनी तीन कागद छापून पुढे ठेवले. "आजोबा, तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं. हप्ता तोच ठेवा, मुदत वाढवा."

उत्तर ज्या नंबरावरून आलं तो तुझा. मला इंग्रजी मेसेज वाचता येत नाहीत म्हणून कर्ज घेताना आपणच तो दिला होता.

मी बाईंची माफी मागितली. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

बाळ, तू मला म्हणाला होतास, "बँकवाले कोणाला विचारतात का बाबा? आपल्या हातात काही नाही." मी सातवीपर्यंत शिकलेला, मी मान डोलावली. हप्ता वाढला असता तर तुझा अर्धा वाटाही वाढला असता, हे मला कळतं. एकदा म्हणायचंस, बाबा, मला जमत नाही. वाढीव सगळं मी भरलं असतं. नजर आहे तोवर काजं-बटणं करतोच आहे. ऐंशीला हात चालेल का? माझं काही बरंवाईट झालं तर आईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तुझ्याच ना?

सोबत फॉर्म आहे. हप्ता वाढवून मुदत पुन्हा शहात्तरपर्यंत आणण्याचा. कर्ज दोघांच्या नावावर, म्हणून सह्या दोन लागतात. माझी केली आहे. वाढीव रक्कम माझ्या खात्यातून जाईल, असं बाईंकडून लिहून घेतलंय आणि दोनदा वाचून घेतलंय.

सही करून पाठव. करायची नसेल तर कोरा पाठव, पण फोन करून समजावू नकोस. तू समजावलंस की मला पटतं.

आईला काही सांगितलेलं नाही.

बाबा