तोराची बदली

४ जानेवारी, रविवार

सकाळी गॅस एजन्सीचा फोन. "सुमन मॅडम आहेत का?" कनेक्शन तिच्या नावावर. बाहेर गेल्यात म्हणालो. पावसाळ्यात गेली ती, अजून तोंडून हेच निघतं. ठेवल्यावर लक्षात येतं.

चारला मंडळी आली. सु. असताना यायची तशीच दर रविवारी येतात. रफीकभाई, स्पेअर पार्टवाले. एकदा सु. स्कूटरची क्लच केबल आणायला गेली, त्यांच्या काउंटरवर "ध्रुवयान" या टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेचं स्टिकर दिसलं, आणि पुढच्या रविवारी भाई आमच्या घरात टीव्हीसमोर. मग वळसंगचा शिवानंद, शाळेत विज्ञान शिकवतो. आणि शेजारची पद्मा, चादर-टॉवेलचं दुकान आहे तिचं. मी तेव्हा चहा करायचो, आताही करतो. मालिका कधी धड बघितली नाही. स्वयंपाकघरातून ऐकली फक्त.

आज मोठी बातमी. ध्रुवयानचं सहावं पर्व येणार, आणि त्यात कमांडर तोरा परत. जिवंत.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात तोरा मरते. तो भाग आमच्या घरात लावायचा नाही, हा सु.चा नियम. तोराची बदली झालीय, असं समजायचं. पुढच्या पर्वांत कुणी तोराच्या आठवणीने डोळे पुसले की ही टीव्हीला सांगायची, "अरे रडतोस काय, बदलीवर आहे ती. येईल." हळूहळू सगळेच तसं बोलायला लागले. रफीकभाई सोडून.

शिवानंद खूश. "वैनी बरोबर होत्या की! आज असत्या तर पेढे वाटल्या असत्या."

र.भाई भडकले. "मेलेला माणूस परत आणतात व्हय? मग कोण मेलं तर रडायचं कशाला?"

एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. पद्माने चिवड्याची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली. मी चहा गाळायला आत गेलो.

५ जानेवारी

काल जाताना तिघांनी मला धरलं. परत येणं बरोबर की चूक? शि. आणि पद्मा एकीकडे, र.भाई दुसरीकडे. पद्मा म्हणाली, "अण्णा, वहिनींच्या जागी आता तुमचं मत." मी म्हणालो, मला यातलं काय कळतं. र.भाई म्हणाले, "इतक्या वर्षांचा चाय पिलाय तुमच्या हातचा दादा, मत तर द्या."

कुणाचं मन मोडवत नाही. पण न बघता मत कसं देणार. आणि सु.चं मत माझं म्हणून सांगणंही बरं वाटत नाही.

६ जानेवारी

तिसरं पर्व पहिल्या भागापासून लावलं. नाश्ता करता करता.

तोरा वयस्कर आहे. एका पायाने लंगडते. कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी सगळ्यांना विचारते. इंजिनवाल्याला, डॉक्टरला, स्वयंपाक्यालासुद्धा. स्वयंपाकी म्हणतो, मला लढाईतलं काय कळतं. ती म्हणते, भूक कळते ना, मग बोल.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. कुठल्या साहेबाने शिपायाला असं विचारलेलं आठवत नाही.

दुसरा भागही बघितला. पोहे गार झाले.

९ जानेवारी

रोज दोन-तीन भाग होतात. दळण राहिलं. ग्रंथालयाचं पुस्तक परत द्यायचं राहिलं.

काही भाग अगदीच सुमार आहेत. बर्फाच्या ग्रहावरची माणसं स्लीपर घालून हिंडतात. सु. हे पाचपाच वेळा कसं बघायची?

आता कळतंय की आतून ऐकलेले बरेच आवाज मी भलत्याच माणसांना लावले होते. ज्याला व्हिलन समजत होतो तो डॉक्टर निघाला.

११ जानेवारी, रविवार

जत्रेमुळे रस्ता बंद, र.भाई उशिरा आले. तोवर पद्मा आणि शि.ची जुंपलेली. शि. म्हणे, अवकाशात स्फोटाचा आवाज येणं शक्यच नाही. पद्मा म्हणे, "सर, ते सोडा. तिसऱ्या पर्वापासून युनिफॉर्म पॉलिस्टरचे केलेत, ते कुणी बोलत नाही. पहिल्या पर्वाचं सुती कापड काय सुंदर होतं. तेव्हाच मला कळलं, यांचा पैसा संपला."

मी म्हणालो, "डॉक्टरचा कोट मात्र सुतीच आहे."

तिघांनी वळून बघितलं. मग शि. ओरडला, "काका बगायलेत! लई भारी!"

जरा लाजल्यासारखं झालं. पण बरं वाटलं. चहात साखर विसरलो, कुणी बोललं नाही.

मग ठरलं. पुढच्या रविवारी शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. इथेच. र.भाईंनीच काढलं. "लावा. एकदा दिसू दे सगळ्यांना, बदली न्हाय, मेली ती." पद्माने विचारलं, "अण्णा, चालेल ना तुम्हाला?" हो म्हणालो. चालेल की नाही ते माहीत नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. पद्माने तिळगूळ दिला. शेवटचा सोडून सगळे भाग संपले. रिमोटने त्या भागाच्या चित्रावर गेलं की टीव्ही विचारतो, बघायचा का. बंद केला. एकट्याने नको.

सु.चा नियम मोडतोय असं सारखं वाटतंय. ती चिडली असती का? चिडली असती. दोन दिवस. मग तिनेच विचारलं असतं, कसा होता.

१८ जानेवारी, रविवार

बघितला.

चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवला होता. मी पलंगाच्या कडेला, शि. खाली चटईवर, पद्मा सु.च्या खुर्चीत. आधी बसत नव्हती, मीच बसवलं.

जहाज पेटलेलं. कुणी तरी एकाने मागे राहून दार बंद केलं तरच बाकीचे वाचणार. सगळे वाट बघतात, आता तोरा नेहमीसारखी विचारणार. स्वयंपाकी तर बोलायला तोंडही उघडतो. ती विचारतच नाही. पहिल्यांदाच कुणालाही विचारत नाही. सगळ्यांना बाहेर ढकलते आणि दार लावते.

एवढ्यात र.भाई उठले. "गाडी नीट लावली का बघून येतो."

भाग संपेपर्यंत आले नाहीत. मी बाहेर गेलो. गाडीपाशी उभे, आरसा पुसत होते.

म्हणालो, "भाई, तुम्ही तर पाच वेळा बघितलाय म्हणता."

"माझ्या घरी बघितला दादा. हितं न्हाय. हितं त्याचं नुसतं नाव काढलं की भाभी कान झाकून आत जायच्या, मी चिडवायचो."

मग चहा आहे म्हटलं, तेव्हा आत आले.

चहाच्या वेळी तोरा परत यावी की न यावी, हे कुणी काढलंच नाही. शि.सुद्धा स्फोटाच्या आवाजाबद्दल बोलला नाही.

१९ जानेवारी

चांगला भाग आहे. सगळ्या मालिकेत तोच सर्वांत चांगला. सु.ने बघायला हवा होता.

तिनेही शेवटी कुणाला विचारलं नव्हतं. डॉक्टर सांगत होते आणखी थोडे दिवस दवाखान्यात ठेवू. मी हो म्हणणार होतो. ती म्हणाली, "रिक्षा बोलवा, घरी जायचंय." घरी आली, रविवार होता, मंडळी आली, चौथ्या पर्वाला नावं ठेवून झाली. छान गेली ती संध्याकाळ.

आज एकदम आठवलं. वाईट वाटलं नाही.

२२ जानेवारी

सिलेंडर आला. टाकी आत ठेवून माणसाने विचारलं, "मॅडम न्हाईत का? त्यांच्या मोबाइलवर आलेला नंबर लागतो."

वारल्या म्हणालो. कनेक्शन माझ्या नावावर करायला काय करावं लागेल, तेही विचारून घेतलं. तो म्हणाला, "लई चांगल्या होत्या. पाणी दिल्याशिवाय सोडायच्या न्हाईत." तेव्हा आठवलं, पाणी विचारलंच नव्हतं. दिलं.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या सहावं पर्व सुरू. तोरा परत येणार. शि. शेतातला हुरडा आणतोय, पद्मा शेंगाचटणी.

आत्ताच र.भाईंचा फोन. "दादा, उद्या मत पाहिजे हां. आता सुट्टी न्हाय."

म्हणालो, आधी बघू तर कशी येते ती.

र.भाईंचं चुकीचं नाही. पण तिने दारातून लंगडत आत यावं, असंही वाटतंय. दोन्ही वाटतंय. उद्या काय बोलणार, ठाऊक नाही.

मंडळी चारला येतील. चहा साडेतीनलाच करून ठेवतो, म्हणजे सुरुवात चुकायची नाही.