विश्रांती न सोसणारा कॉम्प्युटर

बाई, माझा कॉम्प्युटर मी प्रश्न विचारून गप्प बसलो की बंद पडायचा. एरवी नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत कॉम्प्युटर एकच होता, फोटो स्टुडिओवाल्याकडे, आणि तोही बहुतेक वेळ प्लास्टिकच्या झग्याखाली झाकलेला. आता एक माझ्या घरी आहे. ज्या कोपऱ्यात बायकोला देव्हारा हलवायचा होता त्याच कोपऱ्यात तो बसला आहे, आणि त्याच्यासमोर बसून मी दर रविवारी सकाळी संस्कृत शिकवतो. विद्यार्थी समोर नसतात. जबलपूरच्या आसपास कुणी शहपुऱ्याला, कुणी बरगीला, आपापल्या घरी असतात. मझौलीची एक मुलगी गच्चीवर जाऊन बसते, कारण खाली तिला नेटवर्क मिळत नाही. डेटा वाचावा म्हणून आम्ही कॅमेरे बंद ठेवतो. कुणी कुणाला दिसत नाही, नुसते आवाज येतात. तुम्हाला हे भुताटकीसारखं वाटेल, पण त्या विषयात आता तुमचा अधिकार माझ्याहून मोठा.

तुमचा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा. मला अजून दिसतं ते असं: तुम्ही पाटावर बसून तांदूळ निवडताय, आम्ही मुलं भिंतीला टेकून ओळीत बसलोय, लांबून फॅक्टरीचा भोंगा होतो आणि तुम्ही मान वर न करता विचारता, "भात शिजतोय. शिजवतंय कोण? मी, चूल की पातेलं?" आणि मग गप्प. ती तुमची शांतता म्हणजे काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. एकदा प्रश्न विचारून तुम्ही उठून दारात गेलात, भाजीवाल्याशी "इतना महँगा? सोना बेच रहे हो क्या भैया?" म्हणून भांडलात, भेंडी घेतलीत, धुतलीत, फडक्यावर पसरलीत, परत येऊन पाटावर बसलात आणि म्हणालात, "हं. बोल." जणू मध्ये काही झालंच नव्हतं. ज्याला विचारलं होतं तो बिचारा तोवर खरंच विचार करून बसला होता. मला उत्तर केव्हाच आलेलं असायचं आणि ते तोंडातून उडी मारायला बघायचं. एका दिवशी त्याने मारलीच. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, "तुला येतं हे मला ठाऊक आहे. तुला गप्प बसता येतं का, ते बघायचंय." पुढची वर्षं माझा तो विषय तसा राहूनच गेला.

तर कॉम्प्युटर. तो मी तयार आणला नाही. बाजारातल्या दुकानदाराकडून एकेक भाग निवडून जुळवून घेतला. प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं, अगदी नव्या पिढीचं घेतलं. फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटणारा लोखंडी डबा, तेवढा जुन्या कॉम्प्युटरचा काढून लावला. दुकानदार म्हणाला, "सर, ये भी नया ले लो." मी म्हणालो, "चल रहा है ना?" बाई, आपण सरकारी क्वार्टर सोडताना दारामागचा खिळासुद्धा उपटून आणणारी माणसं. चालू डबा टाकायचा कसा?

पहिल्या महिन्यातच एका रविवारी प्रश्न विचारला आणि तुमची आठवण ठेवून गप्प राहिलो. बराच वेळ कुणी बोलेना. मला वाटलं, वा, काय चिंतन चाललंय! मग लक्षात आलं की पडद्यावरचं घड्याळ हलत नाहीये. माऊस मेलेला, कळा मेलेल्या. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला, धापा टाकत वर्गात परतलो तर मंडळी तशीच शांत. फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका आमच्यात आहेत. ते म्हणाले, "सर, हम तो अभी सोच ही रहे थे." मी गेलो होतो हे कुणाला कळलंच नव्हतं. एवढा आदर मला सदेह हजर असताना कधी मिळालेला नाही.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. जबलपूरचा उन्हाळा, तेव्हा पहिला संशय उष्णतेवर. पेटीची एक बाजू उघडून तिच्याकडे टेबल फॅन फिरवला आणि स्वतः घामाघूम होऊन शिकवलं. आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून बसवल्या. मग सेटिंगमध्ये सापडलं की काही वेळ हात लावला नाही तर यंत्र स्वतःहून झोपतं. मी "कधीही झोपू नये" असा हुकूम दिला. हुकूम त्याने नम्रपणे मान्य केला आणि रविवारी पुन्हा गार पडला.

मग मी घाई करू लागलो. बंद पडायच्या आत निदान उत्तर तरी पोरांपर्यंत पोहोचावं, म्हणून प्रश्न विचारायचा आणि श्वास न घेता आपणच सांगून टाकायचं. आणि काय आश्चर्य, कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला! मी श्रेय पंख्याला दिलं. असेच काही रविवार गेले. वर्ग झरझर पुढे जात होता, काका "वाह सर, वाह" म्हणत होते, आणि एका संध्याकाळी मझौलीच्या मुलीचा मेसेज आला: "सर, मैं अब नहीं आ पाऊँगी. मुझे सोचने में टाइम लगता है. जब तक सोचती हूँ, आप बता चुके होते हैं. लगता है मुझसे नहीं होगा."

ही मुलगी दिवसभर एका छोट्या शाळेत लहान मुलांना शिकवते आणि बाहेरून एम. ए.ला बसणार आहे. तिच्या घरात एवढं शिकणारी ती पहिली. तिला उत्तर लवकर येत नाही, पण आलं की मुळासकट येतं. मातीसुद्धा लागलेली असते. अशी मुलगी "मुझसे नहीं होगा" म्हणून पुस्तक मिटणार, आणि ते माझ्या बडबडीमुळे, हे वाचून मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काहून, भाजी खारट झाली का?" मी मेसेज दाखवला. तिने वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "पोरगी खरं बोलून राहिली." मी मुलीला लिहिलं की थोडे दिवस थांबा, चूक तुमची नाही, माझी आणि यंत्राची आहे. तिने "जी सर" एवढंच कळवलं. त्या दोन शब्दांवरून कुठल्याही भाष्यकाराला काही अनुमान काढता आलं नसतं.

येत्या रविवारी काहीही होवो, गप्प राहायचं, असं ठरवलं. मुलगी आली होती. प्रश्न विचारला. थांबलो. घड्याळ गोठलं. मी टेबलावर हात आपटला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तुम्ही बोलून राहिले तोवर चांगलं चालते ते. तुम्ही गप्प बसले की मरते. मी कवाची ऐकून राहिली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मले वाटलं तुम्हाला माहीत असंल. तुम्हीच तर शास्त्र शिकलेले."

बाई, लाज वाटली, कारण अन्वय-व्यतिरेक तुम्हीच आम्हाला शिकवला होतात: हे असताना ते घडतं का, आणि हे नसताना ते घडायचं राहतं का, दोन्ही बघितल्याशिवाय कारण म्हणू नये. मी नुसतं पंख्याला श्रेय देऊन बसलो होतो. आता व्यतिरेक तपासायला हवा होता. पुढच्या रविवारी वर्गाच्या मागे एक जुनी लांबलचक व्हिडिओ फाईल रूपांतराला लावून दिली, म्हणजे यंत्राला क्षणाची उसंत नको. मग प्रश्न विचारून गप्प बसलो. कॉम्प्युटर ठणठणीत! पण त्याचे पंखे असे घोंगावू लागले की काकांनी विचारलं, "सर, आपके यहाँ आटा-चक्की लगी है क्या?" त्या घरघरीत मझौलीहून काही आवाज आला का तेही मला कळलं नाही. पण कारण हाती लागलं. माझ्या कॉम्प्युटरला काम सोसत होतं, विश्रांती सोसत नव्हती.

पेटी उचलून दुकानात नेली. दुकानदाराने सवयीप्रमाणे तिच्यावर सगळ्यात जड परीक्षा लावली आणि बऱ्याच वेळाने अभिमानाने म्हणाला, "मशीन एकदम फिट है सर. जितना चाहे रगड़ लो."

"रगड़ो मत. इसको कुछ मत करने दो."

"मतलब?"

"मतलब ख़ाली बैठने दो."

"ख़ाली बैठाके क्या टेस्ट करें सर?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू याला घरी न्यायला कुणी येणार आहे का. पण भला माणूस, चहा मागवला. आम्ही दोघं त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून त्याच्या मेहुण्याच्या लग्नाबद्दल बोलत राहिलो, आणि चहा संपायच्या आत पडद्यावरचं घड्याळ थांबलं. "अरे! ये तो बैठे-बैठे गया!" त्याने कप खाली ठेवला, पेटीत डोकावला. "सर, पावर सप्लाई वही पुराना है ना?"

मग त्याने समजावलं ते असं. हे नवे प्रोसेसर काम नसलं की एकदम गाढ झोपतात, इतके की वीज नावापुरतीच घेतात. जुना डबा असल्या अल्पाहारी पाहुण्यासाठी बनलेलाच नाही. मागणी एवढी घटली की त्याचा दाब डळमळतो आणि प्रोसेसर झोपेतून उठतच नाही. मी झोपू नको म्हणून दिलेला हुकूम वरच्या मजल्यावरचा होता, ही झोप तळघरातली. दुकानदार कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये शिरला, तिथे निष्क्रिय असताना वीज किती घ्यायची याचा एक पर्याय "कमी"वरून "नेहमीची"वर केला आणि बाहेर आला. "डब्बा बदल लो तो सबसे अच्छा, पर इतने से भी काम हो जाएगा."

"अब सोएगा नहीं?"

"सोएगा सर. पर कान खुला रखके."

मला तुमची दुपार आठवली. उशाला पाट घेऊन, डोळे मिटून तुम्ही घोरत असायचात आणि आमच्या पाठांतरात एक मात्रा चुकली की घोरणं थांबायचं. कुठलाही डबा बसवला असता तरी तुम्ही चालला असतात.

परवाच्या रविवारी मुलगी आली. मी मुद्दाम एक साधं वाक्य घेतलं: झाडावरून पान पडतं. काकांना आधीच विनवलं, "काका जी, आज का सवाल मझौली के लिए है." आणि विचारलं, "पत्ता तो गिरा. पेड़ ने क्या किया?" मग गप्प. कॉम्प्युटर गप्प, पंखे गप्प. तिच्या गच्चीवरचे आवाज ऐकू येऊ लागतात: लांबचा ट्रॅक्टर, कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारतंय, कबुतरं. घड्याळ हलतंय. पुन्हा बघतो, हलतंय. काका घसा खाकरतात आणि त्यांना स्वतःच आठवतं की प्रश्न त्यांचा नाही. ती म्हणते, "पेड़ ने... छोड़ा." मग थांबते. मग म्हणते, "नहीं सर. छोड़ा भी नहीं. पेड़ कुछ नहीं करता. वो खड़ा रहता है. वो खड़ा न रहे तो पता ही न चले कि पत्ता गिरा." काका म्हणाले, "वाह," आणि या वेळी ते मला उद्देशून नव्हतं. वर्ग संपल्यावर तिचा मेसेज आला: पुढच्या रविवारी थोडं लवकर सुरू करता येईल का, नंतर गच्चीवर ऊन फार चढतं.

मी समाधानात आहे, बाई. डबाही बदलेन एखाद्या दिवशी. हे पत्र मात्र पाठवायचं नाही. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे त्या रविवारचा उरलेला भाग तुमच्यापर्यंत न गेलेला बरा. वर्ग झाल्यावर बायको हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "पोरीचं उत्तर छान होतं. पण तुमचं पण बरोबर होतं हं."

प्रश्न विचारल्याबरोबर मी माझा माईक बंद केला होता. मुलीच्या कितीतरी आधी उत्तर मी मोठ्याने देऊन टाकलं होतं. दोनदा.