यांना उचलायचं आहे

४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मनगट दुखावलं होतं. एके दिवशी सकाळी यांना पलंगावरून खुर्चीत बसवत होते. रोजच्यासारखा यांचा हात गळ्यात घेतला, गुडघ्याला गुडघा लावला, उचललं आणि मध्येच माझ्या दंडातला जोरच गेला. दोघंही जमिनीवर! शेजारीण येईपर्यंत तसेच बसून होतो. स्वतः बनवलेली कपाटं एकट्याने जिना चढवणारा माणूस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला रे. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू नेली, पण लाज कुठे नेली?

लेकीला कळलं. ती म्हणते, तुला झेपत नाही, बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तिचंही काही चुकत नाही. पण केंद्राचा विषय निघाला की हे चांगल्या हाताने माझी बाही घट्ट धरतात. शेवटी लेकीकडून कबूल करून घेतलंय की ती डिसेंबरात येईल तेव्हा मी तिच्यासमोर यांना एकटीने उचलून दाखवायचं. जमलं तर हे घरी, नाही तर तिचं ऐकायचं.

आता हसू नकोस. मी व्यायामशाळेत नाव घातलंय. वजनं उचलणार आहे.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस म्हणून मी हसलो नाही. पत्र बायकोला वाचायला दिलं, ती माझ्या वाटचं हसली. सत्तरीची शिंपीणबाई, जन्मात कात्रीपेक्षा जड काही धरलं नाही, आणि आता डंबेल! आरशासमोर उभी राहून दंड फुगवून बघतेस की नाही, खरं सांग.

थट्टा राहू दे. मला भीती वाटते गं. पाठ धरली तर तुम्हा दोघांना कोण उचलणार? भाऊजींना केंद्रात ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. मीच येऊन राहिलो असतो, पण चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसून आयुष्य गेलं, आता जिना उतरताना देव आठवतो. भाऊ असून काडीचा उपयोग नाही माझा.

भाऊजींना नमस्कार. जीव सांभाळून उचल, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

२ ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दंड फुगवून बघते. झालं समाधान?

इथल्या शिकवणाऱ्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या, पण जिभेला धार आहे. पहिल्या दिवशी रिकामा दांडाच हातात दिला, तोही लटपटला. त्या म्हणतात, आजी, या वयातही स्नायू वाढतो, फक्त त्याला काम द्यावं लागतं. नुसता पडून राहिला की झिजतो. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, मग तेच हातात वजन घेऊन. सुरुवातीला घरी आल्यावर केस विंचरायला हात वर जात नव्हते. आता तांदळाची पिशवी मीच वर आणते, आणि ब्लाउजच्या बाह्या उसवून सैल कराव्या लागल्या! यांना दाखवल्या तर तोंडाच्या एका बाजूने हसले.

यांना उचलणंही पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं जातंय. मध्ये थांबावं लागत नाही. बाकी सगळं तेच. यांच्या पायजम्यांची इलॅस्टिकं सारखी सैल पडतात, दोनदा काढून नवी घातली. हल्लीच्या मालाला दमच नाही. दुकानदाराला चांगलं सुनावून आले.

तुझ्या गुडघ्यांनाही काम दे. बसल्याजागी पाय उचलत जा, आळशी मेल्या.

तुझी पैलवान ताई

१६ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भाचीचा फोन आला होता. म्हणाली, मामा, आईने बाबांना असं अलगद उचललं की मी बघतच राहिले, आता केंद्राचं नाव काढणार नाही. ताई, जिंकलीस! दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलोय. मी तुला हसलो होतो, माझे कान धर.

तुझ्या धाकाने मी रोज पाय उचलतो. गुडघे शिव्या देतात, पण ऐकतात. पोटभर खुशालीचं पत्र लिही, वाट बघतोय.

तुझा धाकटा

२८ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पोटभर खुशाली कुठून आणू?

लेक खूश होऊन परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी यांना तपासणीला नेलं. तिथे वजन करायची खुर्ची आहे. मीच ऐटीत उचलून यांना तिच्यात बसवलं. तिथली नर्स कौतुक करत होती. मग तिने आकडा बघितला, जुना कागद बघितला आणि मला एकटीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, शरीर झिजत चाललंय, अन्न अंगी लागत नाही. उपाय काय विचारलं, तर म्हणाले, जमेल तेवढं खाऊ घाला. घास तर गालातच राहतो रे. मी बोटाने काढते आणि परत भरवते.

दुकानदाराला बोल लावून आले, धाकट्या! जन्मभर लोकांच्या कंबरा मोजल्या, टेप लावायच्या आधी माप सांगायचे, आणि घरातल्या माणसाची कंबर उतरली तर इलॅस्टिकला दोष दिला. पडून राहिलं की झिजतं, हे त्या बाई मला रोज सांगत होत्या. मी ते फक्त माझ्या दंडाबद्दल ऐकलं.

यांना यातलं काही कळलं नाहीये. घरी आल्यावर मी उचललं तर माझा दंड दाबून, अडखळत म्हणाले, जोर आला. केवढे खूश झाले! आपण घरीच राहणार म्हणून रात्री शांत झोपले. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडले होते. व्यायामशाळा सोडलेली नाही. का जाते ते मला विचारू नकोस. घरी बसून काय करू?

गुडघे ऐकत असतील तर एकदा ये. आलास की यांच्यासमोर माझा दंड चाचपून बघ, आणि मोठ्याने म्हण, ताई, काय जोर आलाय गं तुला.

तुझी ताई