वहिनींच्या वावरातला तासभर काळोख

२३ नोव्हें., रवि.

सकाळी पेपरला सोयाबीनच्या भावाची बातमी पाठवली. आवक वाढली, भाव पडले. गेल्या वर्षीची काढून तारीख बदलली असती तरी चाललं असतं.

नंतर पाप केलं. ताऱ्यांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं : मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा आहे, खिसा बेताचा आहे, कॅमेरा कोणता घ्यावा? एक्केचाळीस उत्तरं आली. त्यातल्या एकोणचाळिसांनी ‘खिसा बेताचा’ हे दोन शब्द गाळून वाचलं असावं. ग्रुपचे ॲडमिनसाहेब म्हणजे शहरातले निवृत्त इंजिनियर, स्वतःच्या गच्चीवर घुमट बांधलेले. त्यांनी थंड करून घ्यायचा कॅमेरा सुचवला. त्याच्या किमतीत आमच्या आळीतले सगळे फ्रिज येतील, आणि त्यांत निदान कोथिंबीर राहते.

उरलेल्या दोघांनी ‘आधी दुर्बीण घ्या’ म्हटलं. या पंथाचं हे आद्य वचन. दुर्बीण घेतलेल्याला ‘आधी डोळ्यांनी आकाश शिका’ म्हणतात. 

फोटो माघ संपायच्या आत यायला हवा, त्यांच्या प्रदर्शनात निवड आहे. मला प्रदर्शनाचं काही नाही. पण ॲडमिनसाहेबांनी शेवटी लिहिलं, ‘मालेगावसारख्या लहान ठिकाणाहून अपेक्षा माफक ठेवाव्यात.’

बघू.

२७ नोव्हें.

व्हिडिओ पाहिले. एका गृहस्थाने अकरा मिनिटं नुसता खोका उघडला. गर्भगृहाचं दार उघडताना पुजारी इतका वेळ लावत नाही.

संध्याकाळी सलीमभाईंच्या स्टुडिओत. आमच्या बस स्टँडमागे, तालुक्यातली निम्मी लग्नं यांनीच काढलेली. त्यांचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. बटणांच्या खाचांत हळद बसलेली, ती काही निघायची नाही.

“सर, किस का फंक्शन हाय?”

“मृग नक्षत्राचं.”

“तारे तं फुकट दिसून राह्यले वर. त्याचे पैशे कोन देते तुमाले?”

“कोणी नाही.”

“मंग अल्बम बी नाही?”

“नाही.”

त्यांना माझी खरोखर दया आली. त्या दयेत कॅमेरा मातीमोलाने दिला, पन्नास मिलिमीटरची लेन्सही, वर जुनी बॅग. साहेबांच्या कॅमेऱ्यावरच्या नुसत्या रंगीत गाळण्या याहून महाग आहेत.

३० नोव्हें.

गच्चीवर पहिला प्रयत्न. लेन्सवर अनंताची खूण असते. तिच्यावर नेऊन ठेवलं, तर तारे बत्ताश्यांएवढे. ग्रुपवर सगळे ‘अनंतावर लावा’ सांगतात. एकाने तरी लावून पाहिलंय का? मग व्याध पडद्यावर दहापट मोठा करून, रिंग केसभर फिरवत, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. खरं अनंत खुणेच्या जरा अलीकडे निघालं. तिथे चिकटपट्टी लावली. इतकी वर्षं तत्त्वज्ञान वाचलं त्याने हे कळलं नव्हतं.

अर्ध्या मिनिटाच्या फोटोत तारे रेघा झाले. सलीमभाईंना दाखवले.

“तुमचा नवरदेव हालून राह्यला सर.”

“नवरदेव नाही, मांडवच फिरतोय.”

“मंग मांडवासंगं फिरा नं तुमी.”

एक्केचाळीस विद्वानांपेक्षा नेमकं बोलले.

७ डिसें.

मांडवासंगं फिरायचं यंत्र तयार. दोन फळ्या, एक बिजागरी, एक लांब स्क्रू. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, स्क्रू मिनिटाला एक फेरा फिरवायचा, की वरची फळी कॅमेऱ्यासकट आकाशाच्या चालीने उघडत जाते. साहेब यासाठी मोटार वापरतात, मोटारीला ॲप, ॲपला दर महिना वर्गणी.

घड्याळाकडे बघत फिरवावं तर हाताला हिसका बसतो. त्यावर उपाय सापडला तो मी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेतला. एक शब्द सातही विभक्त्यांत, संबोधनासकट, सावकाश चालवला की वीस सेकंद. देव, माला, वन झाले की एक फेरा. कवि, नदी, वधू, दुसरा. दोन मिनिटांचा फोटो म्हणजे सहा शब्द. घड्याळाशी ताडून पाहिलं, सेकंदाचाही फरक नाही. कोणत्याही संस्कृत शिक्षकाला आजवर मिळालेला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोग.

बायको, सुनंदा, जिन्यात उभी. “आता जपाला बसायचं वय झालंच म्हणा.”

१९ डिसें., अमावास्या

मालेगावच्या चौकात उंच खांबावरचे दिवे लागल्यापासून इथे रात्र होणं बंद झालंय. म्हणून रिठदला, सुनंदाच्या माहेरी. सु.चा भाऊ शेलूबाजारला दुकान चालवतो, शनिवारी-रविवारी येतो. शेती त्याच्या बायकोच्या, विमलवहिनींच्या, हातात. गावापासून लांब, हरभरा. वर आकाश असं की बोलवेना. आणि वावराच्या मधोमध बांबूवर फोकस, ज्याच्या उजेडात पेपर वाचता यावा. रानडुकरांसाठी.

“वहिनी, तो तासभर बंद ठेवता येईल?”

“काहून?”

“फोटोसाठी काळोख लागतो.”

“फोटोले उजीड लागते आयकलं होतं मी.” मग हसल्या. “जवाईबापू, तारे पाहाचे तं वर पाहा नं. मान दुखते का?”

मग गंभीर. घाटे धरायला लागलेत, दोन रात्रींत डुकरं पट्टाच्या पट्टा लोळवतात. मागच्या साली बांधाकडचा सगळा गेला. तरी मोटारीच्या खोलीत जाऊन स्वतः बटण बंद केलं. “एक तास. मी हाय मचानावर डबा घिऊन.”

तो तास दवात गेला. लेन्सवर घाम, पंचवीस फोटो, पंचवीसही धुरकट. वहिनी मचाणावरून अधूनमधून तेलाचा रिकामा डबा बडवत होत्या. डुक्कर एकही आलं नाही. घाट्यांची पेंडी बांधून दिली वर.

ग्रुपवर दवाचं विचारलं. साहेब : ‘हीटर बँड नाही?? 😊’ लेन्सला ऊब देणारा विजेचा पट्टा तो. दोन प्रश्नचिन्हं आणि एक हसू. हे हसू मी ओळखतो. मी संस्कृत पाठशाळेत गेल्यावर शाळेतले भूमितीचे मास्तर हसायचे ते.

४ जाने.

पायमोज्यात गरम मीठ भरून लेन्सच्या गळ्यात बांधलं. दव नाही. हीटर बँडवाल्यांना कळवलं नाही. त्यांचा संसार का मोडा.

लेन्सला झाकण लावून फोटो घ्यायलाही शिकलो. म्हणजे निव्वळ काळोखाचे फोटो. ते खऱ्या फोटोंतून वजा केले की कॅमेऱ्याचा स्वतःचा कचरा जातो. काळोखातून काळोख वजा करायचा. आमच्याकडे हे शिकायला बारा वर्षं गुरुगृही राहावं लागे. इथे फुकट सॉफ्टवेअर आहे.

बाकी सगळं जमलंय. फक्त रिठदची अमावास्या हवी.

१८ जाने., रवि., अमावास्या

आला. फोटो आला.

आठ ते नऊ. दोन-दोन मिनिटांचे बावीस, सगळे ताणून पाहिले, तारे टाचणीसारखे. मृगाच्या पोटाखाली तो धूसर गुलाबी डाग, पहिल्याच फोटोत, कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर. मी एकटाच होतो वावरात, कोणाला दाखवू? मोठ्याने ‘अहो’ म्हणालो. कोणाला, माहीत नाही.

सु. आणि वहिनी गावात हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मेव्हणाही दुपारीच दुकानावर परतलेला. जाताना वहिनींनी फोकस बंद केला, डबा माझ्या शेजारी आणून ठेवला. “तुमी हाच. खसफस आयकू आली तं दोन दनके हाना, पयतात ते.”

मध्ये एकदा

उद्या लिहीन. दमलोय.

१९ जाने.

पहाटे वहिनींनी उठवलं नाही. मीच उठून गेलो तर त्या बांधावर उभ्या होत्या. ओढ्याकडचा पट्टा गेला. हरभरा उपटून, तुडवून, नांगरल्यासारखी माती वर. घाटे चिखलात.

“मीच मेली गेली वान घ्याले,” म्हणाल्या. “घरी राह्यली असती तं काय बिघडलं असतं?”

मी म्हणालो, फोकस मी बंद करायला लावला. तर, “तुमचं काय त्याच्यात. तुमचं काम झालं नं? मंग झालं. चला, चहा घ्या.”

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीवरच. आतून ऐकू आलं : “लाइन गेली होती तासभर. तवाच आले.” मग हळू, “जवाईबापू हायत इथं. मंग बोलू.”

या घरात जावयाला कोणी वावगं बोलत नाही. लग्नात मी पंगतीत दही मागितलं होतं, ते अजून दर खेपेला वाढतात.

२० जाने.

पेपरच्या डेस्कवरून : हरभऱ्याचं नुकसान झालंय म्हणे, बातमी द्या. लिहिली. ‘रानडुकरांचा हैदोस’. हे शब्द मी दर वर्षी लिहितो, बोटांना पाठ आहेत. ‘अंधाराचा फायदा घेऊन’ असंही लिहिलं. कोणी घेतला ते लिहिलं नाही.

ग्रामसेवक पंचनामा करून गेले. वहिनींनी त्यांनाही लाइन गेल्याचंच सांगितलं. मी शेजारी उभा होतो, वार्ताहर म्हणून.

२२ जाने.

लिहून टाकतो. 

मला ऐकू आलं होतं.

चौदावा फोटो चालू होता. दुसरा फेरा, नदीची सप्तमी. ओढ्याकडून खसफस, मग मुळं तुटल्याचा आवाज, मग एक फुरफुर. चांगलं स्पष्ट. डबा हाताच्या अंतरावर. उठलो असतो तर फळी हलली असती. एक शब्द राहिला होता, वधू. म्हटलं वीस सेकंद. वधू पूर्ण चालवली, एकही रूप चुकलं नाही. फोटो संपला. आवाज जरा थांबल्यासारखा वाटला. म्हणजे थांबला असं मी ठरवलं. आणि पंधरावा चालू केला.

डबा नऊ वाजता वाजवला, सगळं आवरल्यावर. कोणासाठी वाजवला?

थंड कॅमेरेवाल्यांना मी दोन महिने हसतोय. त्यांच्यापैकी कोणी वहिनींचा हरभरा खाल्लेला नाही.

३० जाने.

सगळे एकावर एक रचून फोटो तयार. ग्रुपवर टाकला. साहेबांचं उत्तर चार तासांनी, चार तास त्यांनी दोष शोधले असणार. ‘फळी-बिजागरीवर? अभिनंदन. प्रदर्शनासाठी निवडला आहे.’ खाली टाळ्या. एकाने विचारलं, कोणती मोटार वापरली. मी लिहिलं : देवनदीवधू. तो शोधतोय ऑनलाइन.

हसायला हवं होतं.

सलीमभाईंनी मोठी प्रिंट काढली. टेबलावर पसरून बराच वेळ बघत राहिले. “हे लाल काय हाय? कुंकू सांडल्यावानी.”

“तिथे नवे तारे जन्मतात.”

“आनि माझ्या कॅमेऱ्यानं काढलं?” दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना हाक मारून दाखवलं. पैसे घेईनात.

चौदावा फोटो काढून टाकून पाहिलं होतं. काही फरक पडला नाही. एकवीस पुरले असते.

८ फेब्रु.

सु.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग, “मला कशाला सांगता?”

“मग कोणाला?”

“वा. सात विभक्त्या येतात, आणि संप्रदान, म्हणजे कोणाला द्यायचं, ते मी सांगू?” वीस वर्षं माझ्याबरोबर राहून शिकलेलं सगळं माझ्यावरच वापरते.

नंतर म्हणाली, वहिनीला पैसे देऊ नका हं, तिला लागेल ते. नुसतं सांगा.

नुसतं.

१५ फेब्रु., रवि.

साहेबांचा फोन. प्रत्यक्ष, आवाज अपेक्षेपेक्षा पातळ. परवाच्या अमावास्येला ग्रुप रिठदला येतोय. चार गाड्या, तंबू, थंड कॅमेरे सगळे. ‘तुमची साइट अप्रतिम. फक्त परिसरातले दिवे रात्रभर बंद राहतील एवढं बघा.’ साइट! ओढ्याकडचा पट्टा सोडला तर बाकीचा हरभरा अजून उभा आहे, पंधरा दिवसांत सोंगणी.

पाहुणे नकोत म्हणायला वहिनींना फोन केला. म्हणजे नकोत म्हणायला आणि ते दुसरं सांगायला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.

त्यांना आधीच कळलं होतं; सु.ने भावाला सांगितलेलं, त्याने त्यांना. “येऊ द्या नं. तुमचे पाव्हने, भाकरी-ठेचा करतो. बटन बंद ठेवू रातभर, त्यात काय?”

“वहिनी, डुकरं...”

“तुमी हाच नं वावरात. त्या दिशी मी नव्हती म्हनून. आनि तुमी तरी काय करसान, तुमचं ध्यान वर. आयकू आलं असतं तं तुमी डबा वाजवलाच असता.”

जुळवलेल्या वाक्याचा कर्ता शोधत होतो.

“हालो? जवाईबापू? आयकू येऊन राह्यलं का?”

“येतंय,” म्हणालो. “वहिनी, त्या दिवशीही...”

तेवढ्यात त्यांच्याकडे कोणी आलं; थांबा म्हणाल्या, फोन ओट्यावर ठेवला बहुतेक. बांगड्या वाजल्या, कोणाला तरी पाणी दिलं, गाय हंबरली. मी कानाशी धरून उभा आहे, एका हाताने हे लिहितोय. अजून आल्या नाहीत. फोन चालू आहे.